अळणी चातुर्मास

आमच्या गावात दुधाला फॅट लावणाऱ्या, म्हणजे दुधातली चरबी मोजून त्यावर भाव ठरवणाऱ्या माणसावर लोकांचा जितका विश्वास असतो तितका सरपंचावर नसतो, आणि तशी गरजही नाही. सरपंच पाच वर्षांतून एकदा फसवतो. फॅट लावणाऱ्यानं मनात आणलं तर तो रोज सकाळ-संध्याकाळ फसवू शकतो. उत्तरेश्वरनं कधी कोणाला फसवलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल सांगावंसं वाटतं. मी वत्सलाबाई, गेवराई तालुक्यातल्या शाळांमधून विज्ञान शिकवून निवृत्त झाले. उत्तरेश्वर आणि त्याची बायको चतुरा माझ्या नात्यातली नाहीत. आमच्या घरांची भिंत एक आहे, आणि खेड्यात तेवढं नातं पुरतं.

उत्तरेश्वरचे आईबाप दिवाळी झाली की कोयते घेऊन माजलगावकडच्या कारखान्यांना ऊस तोडायला जायचे. हा मात्र आजीजवळ गावात राहिला, म्हणून दहावी झाला. मग तलवाड्याच्या अलीकडं आमच्या गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा तो तिथं कॅन धुवायला लागला, आणि धुता धुता फॅट लावायला शिकला. आता त्यासाठी मशीन आलंय, पण आमच्याकडं वीज असते कुठं? मशीन बंद पडलं की जुनी पद्धत. काचेच्या नळीत आधी तेजाब ओतायचं, त्यावर मोजून दूध सोडायचं, बूच लावायचं आणि नळ्या चक्रात ठेवून हातानं फिरवायच्या. तेजाब म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. थेंब उडाला तर कातडी जाते. उत्तरेश्वरचा हात असा की तेजाबाची बाटली आणि चहाची किटली त्याला सारखीच. दूध घालायला आलेल्या बाया नळीकडं बघतसुद्धा नसत. तो जो आकडा बोलेल तो खरा.

हाच माणूस दोन हजार बाराच्या दुष्काळात एका सकाळी सगळ्या कॅनची झाकणं काढून उभा राहिला आणि म्हणाला, दुष्काळात दूध विकणं पाप आहे, ज्याला लागेल त्यानं घेऊन जा. लोकांनी नेलं की! त्या आधीचे कितीतरी दिवस तो झोपला नव्हता. बोलायला लागला की थांबत नव्हता. मग खांद्यावर कुदळ टाकून तो माजलगावच्या धरणाकडं निघाला, गावाला पाणी आणायला. धरणात तेव्हा पाणी नव्हतंच, पण हे त्याला सांगण्याइतका वेळ तो कोणापाशी थांबेल तर ना. चतुरा त्याच्या चपला हातात घेऊन त्याच्यामागं चालत गेली. तो पुढं अनवाणी आणि ही मागं चपला घेऊन, असं लोकांनी पाहिलं आणि काहीजण हसले. मी त्यांची नावं सांगू शकते, पण सोडा.

असं त्याला आधीही एकदा झालं होतं, लग्नानंतर थोड्याच वर्षांत. तेव्हा भाऊबंदांनी त्याला कुठल्याशा देवस्थानी नेऊन खांबाला बांधून ठेवलं होतं. चतुरानं नेसूचं लुगडं फाडून त्याच्या मनगटाला गुंडाळलं, दोर काचू नये म्हणून. त्या गोष्टीबद्दल ती कधी बोलायची नाही. बाराच्या वेळी मात्र तिनं कोणाचं ऐकलं नाही, त्याला थेट बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं आजाराला नाव मिळालं, बायपोलर, आणि लिथियमची गोळी सुरू झाली. गोळीनं तो माणसात आला. सोसायटीचे चेअरमन आबासाहेब भर सभेत त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याला परत कामावर घेतलं. खरं म्हणजे बायांनीच धरणं धरलं होतं. मधल्या काळात जो फॅट लावायला होता त्याच्या हाताखाली सगळ्यांच्याच म्हशी अचानक पाणचट दूध द्यायला लागल्या होत्या.

आता दोन हजार पंधराचा पावसाळा. जूनमध्ये चार सरी पडल्या, लोकांनी पेरलं, आणि आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. गुरं छावणीत गेली, सोसायटीचं दूध निम्म्यावर आलं, पाणी टँकरचं. चतुराच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं होतं. नवऱ्याचा आजार दोन्ही वेळा कोरड्या सालात उठला होता. म्हणजे याही साली उठणार.

तिनं काय केलं ते मला फार उशिरा कळलं, पण मी आत्ताच सांगून टाकते. गोष्ट सांगताना लपाछपी खेळायची मला आवड नाही. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. आमच्याकडं बाया चार महिन्यांसाठी काहीतरी सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा. मी दरवर्षी चिडणं सोडते आणि तिसऱ्या दिवशी परत घेते. चतुरानं त्या साली देवीच्या नावानं मीठ सोडलं. आणि ज्याच्यासाठी व्रत करायचं त्यानंही ते पाळलं तर फळ पक्कं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं, म्हणून उत्तरेश्वरचंही सोडलं. अळणी डाळ, अळणी पिठलं, अळणी ठेचा. ठेचा अळणी खाऊन बघा एकदा, म्हणजे संसार काय असतो ते कळेल. आणि असं व्रत पुरं होईपर्यंत बोलायचं नसतं. बोललं की फळ जातं, आणि उलटून ज्याच्यासाठी केलं त्यालाच बाधतं. त्यामुळं ती कोणाला बोलली नाही, आणि तोही बोलला नाही.

श्रावण निम्मा झाला असेल. उत्तरेश्वरचा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा बारीक, चहाची बशी वाजावी इतकाच. ऊन तर असं पडत होतं की घामानं सदरे पांढरे पडायचे. लोक म्हणाले, उन्हाचं असेल. मग त्याला जुलाब लागले, थांबले, परत लागले. मग जीभ जड झाली. आकडा सांगताना शब्द तोंडात घोळायला लागले. चालताना तो भिंतीचा आधार घ्यायला लागला आणि बसल्या जागी पेंगायला लागला. रांगेतली एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, “सकाळीच घेतली वाटतं.” ज्यानं आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही त्याच्याबद्दल.

पोळ्याच्या आदल्या सकाळी वीज नव्हती. उत्तरेश्वर तेजाबाची बाटली उचलायला गेला आणि हात असा हलला की तेजाब टेबलावर सांडलं. खालच्या गोणपाटाचा धूर निघाला. एक पोर घेऊन उभी असलेली बाई दोन पावलं मागं सरली. उत्तरेश्वर नुसता हाताकडं बघत राहिला, जसा काही तो दुसऱ्याचाच हात होता.

आबासाहेब वाईट माणूस नाहीत. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “उत्तरेश्वर, किल्ल्या दे. आराम कर. बरा झालास की ये.” मग संध्याकाळी ते स्वतः घरी आले. मी ओट्यावरच होते.

“चतुरा, खरं सांग,” ते म्हणाले. “त्येचा आजार परतलाय का? मागल्या बारीला मी सभेत भांडलो त्येच्यासाठी. आता जर का कोणाच्या पोराच्या अंगावर तेजाब पडलं, तर लोक जाब मलाच इचारणार. मला दुसरा माणूस बघावा लागंल.”

आबासाहेब गेल्यावर चतुरा माझ्याकडं आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“बाई, त्यांची गोळी वाढवून देऊ का? एकाच्या जागी दोन?”

“देऊ नकोस,” मी म्हणाले. “ज्यानं गोळी दिली त्याला विचार. तू काय, मी काय, आपण डॉक्टर नाही.”

“मला भ्याव वाटतं, बाई. ह्या वक्ताला बी बांदून घालतेत त्यांला. आता माज्यात ताकद न्हाई ऱ्हायली.”

इतक्या वर्षांत खांबाचं ती पहिल्यांदाच बोलली. मी तिला म्हटलं, उद्याच बीडला जाऊ, मी येते. मनात माझ्या एक शंका होती. मागच्या वेळी हा माणूस धावत होता, बोलत होता, झोपत नव्हता. आता त्याला धरून चालवावं लागतंय आणि तो झोपतोय. उलटंच सगळं. पण आजार काय शाळेचं वेळापत्रक पाळून येतो? मी शंका मनातच ठेवली.

पोळ्याच्या दिवशी आम्ही काळीपिवळी जीपनं बीडला निघालो. बैलं छावणीत, तेव्हा गावाला पोळा असा नव्हताच. उत्तरेश्वरचं डोकं सारखं चतुराच्या खांद्यावर पडत होतं. आम्ही जात होतो ते गोळी वाढवून मागायला, हे सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यावरून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

दवाखान्यात जुने डॉक्टर बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी होती, माझ्या शाळेत असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं. तिनं उत्तरेश्वरला हात पुढं धरायला सांगितले, सरळ रेषेत चालायला सांगितलं, नाव विचारलं. नाव सांगतानाही त्याची जीभ अडखळली.

“डॉक्टरीणबाई, आजार परतलाय,” चतुरा म्हणाली. “गोळी वाढवून द्या.”

डॉक्टर विचारतच राहिली. ताप आला होता का? उलट्या? दुखण्यावरच्या गोळ्या घेता का? बीपीची औषधं? पाणी किती पिता? चतुरानं सगळ्याची उत्तरं दिली. जुलाबाचं सांगितलं, टँकरचं सांगितलं.

“जेवणात मीठ कमी केलंय का?”

चतुराची मान खाली गेली. उत्तरेश्वरनं तिच्याकडं पाहिलं आणि तोही फरशीकडं बघायला लागला. डॉक्टरनं परत विचारलं. उत्तर नाही. मला राग आला. एवढ्या लांब यायचं आणि डॉक्टरसमोर मुकं बसायचं? “अगं बोल ना,” मी म्हटलं, “साधं मिठाचं तर विचारतायत.”

“सांगितलं तर त्यांलाच बाधतं,” ती इतक्या हळू म्हणाली की मलाच जेमतेम ऐकू आलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चातुर्मास, एकादशी, शेजारून हल्ली जेवायला न येणारं बोलावणं. पण ते तिच्याऐवजी मी बोलून टाकणं मला जमेना. तिला खरोखरच वाटत होतं की आपण तोंड उघडलं तर नवरा हातचा जाईल. आणि मला त्या मुलीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तोंड उघडलं नाही तर तो जाईल.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ती ओरडली नाही, हसलीही नाही. खुर्ची पुढं ओढून तिनं चतुराचा हात हातात घेतला.

“मावशी, सांगून जे काही बाधायचं असेल ते मला बाधू दे. मी घेते माझ्यावर. आता सांगा.”

चतुरानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, थरथरत का होईना, पण हो म्हणून हलवली.

“मीठ सोडलंय,” ती म्हणाली. “दोघांचं बी. एकादशीपासून. त्यांला आजार उठू नये म्हणून.”

डॉक्टरनं मोठा श्वास सोडला. “मावशी, आजार परतलेला नाही.”

“म्हंजी?”

“आजार नाही परतला. गोळी अंगात साठलीय. दोन्ही वेगळं आहे.”

मग तिनं सांगितलं ते असं. लिथियम हेही एका परीनं मिठाच्याच जातीचं. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड घाबरतं आणि मिठासारखं जे दिसेल ते धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. त्यात ऊन, घाम, जुलाब, पाण्याची टंचाई. रोजची गोळी रोज अंगात मुरत गेली, चढत गेली. अजून थोडे दिवस असंच चाललं असतं, किंवा आम्ही घरी गोळी वाढवली असती, तर हा माणूस वाचला असता की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गोळी तिथंच बंद झाली. रक्त तपासायला गेलं आणि हाताला सलाइन लागलं. सलाइन म्हणजे दुसरं काय, मिठाचं पाणी. ज्या मिठासाठी चतुरानं तोंड बंद ठेवलं होतं ते थेंब थेंब नवऱ्याच्या शिरेत जाताना ती बघत बसली. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. लिथियम फार वर चढलं होतं, पण मूत्रपिंड शाबूत होतं. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाली.

मी मास्तरीण, मला राहवतंय थोडंच? डॉक्टर जरा मोकळी झाल्यावर मी तिला गाठलं आणि विचारलं, ही गोळी डोक्यात जाऊन करते तरी काय? ती म्हणाली, पेशीच्या आत निरोप पोचवणारी विकरं असतात, एन्झाइम्स, त्यांतल्या काहींना ही गोळी आवरते. मी चाटच पडले. जन्मभर मी पोरांना विकरं शिकवली ती लाळेतली आणि पोटातली. विकर म्हणजे पचन, संपलं. ती डोक्यातही असतात आणि तिथं अन्नाऐवजी निरोपावर काम करतात, हे मला साठी उलटल्यावर त्या व्हरांड्यात कळलं. अजून सगळं उलगडलेलं नाही, शोध चालू आहे, असंही ती प्रामाणिकपणे म्हणाली.

हे चतुराला कसं सांगावं? मी तिला म्हटलं, “आपल्या गावात चेअरमनला नुसती शिंक आली तर वेशीपर्यंत बातमी जाते की आबासाहेबांना न्युमोनिया झाला. कावून? मधला प्रत्येक माणूस निरोप वाढवून पुढं देतो. डोक्यातबी असेच मधले निरोपे हायेत. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात ते लई वाढवून सांगायला लागले की तो कुदळ घेऊन निघतो. ही गोळी त्या मधल्यांना जरा दमात घेते. पण गोळीच जास्त झाली की ते निरोपच देईनात. मग हाताला कळत न्हाई कसं धरायचं, जिभेला कळत न्हाई कसं वळायचं.”

तिनं नीट ऐकून घेतलं. “म्हंजी त्यांचं डोकं फिरलेलं न्हाई?”

“न्हाई.”

“न्हाई ना?”

“अगं न्हाई म्हणते ना.”

“बांदावं न्हाई लागणार?”

“त्या सलाइनची नळी हलू नये म्हणून हाताला पट्टी बांधलीय, तेवढीच,” मी म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि मग परत हसली. बाजूच्या खाटेवरच्या बाईला वाटलं की पेशंट हीच. माझ्या छातीवरून मणाचं ओझं उतरलं. त्या वॉर्डात घामाचा आणि फिनेलचा वास होता, पंखा बंद होता, आणि तरी मला इतकं मोकळं वाटत होतं की मी कोपऱ्यातल्या नळाला जाऊन उगाचच तोंड धुतलं. मग तिच्या चेहऱ्यावर सावट आलं. “मीच घातलं की त्यांला हितं,” ती म्हणाली. मी तिच्यासाठी चहा आणला.

उत्तरेश्वर हळूहळू वर आला. आधी जीभ सुटली, मग पावलं, हात शेवटी. गोळी परत सुरू झाली ती कमी मात्रेची, परत रक्त तपासून. आम्ही निघताना डॉक्टरनं बजावलं, मीठ नेहमीसारखं, ना कमी ना जास्त, पाणी भरपूर, आणि जुलाब लागले की लगेच यायचं. व्रत करायचं तर तुम्ही करा मावशी, यांचं नको. चतुरानं वाटेत जीपमध्येच देवीशी तडजोड केली, मिठाच्या बदल्यात वांगं सोडलं. वांगं तिला मुळातच आवडत नाही. देवीनं हरकत घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आबासाहेबांना मी स्वतः जाऊन सगळं समजावलं. त्यांनी शिंकेचा दाखला मात्र फारसा मनावर घेतला नाही. “म्हंजी नुसतं मिठाचं हुतं?” ते तीनतीनदा विचारत राहिले. मग म्हणाले, “मी अजून कोणाला नेमलं न्हाई. येऊ द्या त्याला.”

पहिल्या सकाळी नेमकी वीज नव्हती. रांग जरा लांबूनच उभी होती, आणि मी कधी दूध घालत नाही तरी लोटी घेऊन गेले होते. उत्तरेश्वरनं तेजाबाची बाटली उचलली, नळीच्या तोंडाशी टेकवली. एक थेंब इकडंतिकडं झाला नाही. त्यानं चक्र फिरवलं, नळी उजेडात धरली आणि पहिला आकडा बोलला. रांगेतल्या कडूबाईनं लगेच भांडण काढलं की मागच्यापेक्षा कमी आहे, आणि सगळी रांग पुढं सरकली. सोसायटी पूर्ववत सुरू झाली होती.

त्या दिवशी दुपारी चतुरानं मला जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा. तिनं वाढलं आणि स्वतः न जेवता नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसली. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग तिलाच राहवलं नाही.

“इतके दिस अळणी खाल्लंत. एकदा बी कसं म्हणला न्हाई, चव न्हाई म्हणून? मी सोडलं असतं व्रत.”

तो भाकरीचा तुकडा मोडत होता. हात अगदी स्थिर होता. वर न बघता म्हणाला, “तू माज्या येडेपणासंगं इतकी वर्सं जेवलीस. मला निस्तं मीठच सोडायचं हुतं.”

चतुरानं त्याच्या ताटात अजून पिठलं वाढलं. मग स्वतःचं ताट घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून जेवायला लागली.